निरोपाच्या जेवणाचा हिशेब

माणशी दोनशे. एकसष्ट जणांचे आले.
चौघांचे येणं आहे, नावं सांगत नाही.

केंद्रेबाई एकतीसला रिटायर,
आणि उदगीर डेपोत, वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडात
तीन दिवस आम्ही जेवणावरून भांडतोय.

नवी पोरं म्हणाली, बुफे करूत.
एक काउंटर चायनीजचा, एक पाणीपुरीचा,
टेबलांना सॅटिनचे झगे, आणि पनीर तर पाहिजेच.
पनीर कामून पाहिजे, ते कुणालाच सांगता येईना.
लातूरला एका लग्नात बघितलं होतं म्हणे.

खलील ड्रायव्हर म्हणाला, मटण.
देग माझ्या मामूची, लाकडं माझी.
मग कुणीतरी कॅलेंडर काढलं.
शनिवार.
निम्मा डेपो शनिवार धरतो.
बरं मग वांगी करा, खलील म्हणाला,
पण तर्री अशी सोडा
की वांग्यालाच वाटलं पाहिजे आपण बोकड आहोत.

शिवलिंगअप्पा आचारी काडीनं दात कोरत
सगळं ऐकत होता.
त्यानं एवढंच विचारलं,
बाई किती वर्षं होत्या गाडीवर?
बावीस.
बसून का उभ्यानं?

कुणी बोललं नाही.
देगलूरची गाडी, बाजाराचा दिवस,
कमरेला पैशाची पिशवी, कोपर दांडीत अडकवलेलं,
एका हातात सुट्टे, दुसऱ्यात कुणाचं तरी लेकरू,
आणि खड्डा आला की सगळी गाडी त्यांच्या अंगावर.
आम्ही त्याच बाईच्या हातात प्लेट देऊन
म्हणणार होतो, लाईनीत या.

पंगत ठरली.

तरी पत्रावळीवरून एक तास गेलाच.
चंदेरी कागदाच्या पत्रावळीतून आमटी पळते
आणि अप्पाची येसराची आमटी तर
पळायला निमित्तच शोधत असते.
पळसाच्या आणल्या, महाग पडल्या, असू दे.
वाढायला मेकॅनिक नकोत, नखात ग्रीस असतंय,
असं क्लार्क लोक म्हणाले.
मेकॅनिकांनी निरम्यानं हात घासले
आणि तळवे उलटसुलट करून दाखवले,
शाळेत गुरुजींना दाखवतात तसे.
मीठ डावीकडं, शेंगदाण्याची चटणी त्याच्या शेजारी,
पोळी, वांगं, भात,
आणि हुग्गी.
हुग्गीवर तूप दिसलं पाहिजे,
नुसता वास देऊन फसवायचं नाही. ही अप्पाची अट.

बाईंना मधोमध पाटावर बसवलं.
बसल्या. मीठ येईपर्यंत बसल्या.
चटणी आली तेव्हा इकडं तिकडं बघू लागल्या.
हुग्गीची बादली समोरून गेली
आणि त्यातला डाव वाकडा धरलेला दिसला,
तेव्हा उठल्याच.
दे इकडं.

मग दोन ओळींच्या मधल्या वाटेनं
पाय जरा फाकवून, गुडघे सैल सोडून,
जमीन हलत नव्हती तरी तोल सांभाळत,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.
राहिलं का कुणी?
मागं कुणी राहिलं का?
जरा सरकून बसा, तीन माणसं मावतात तिथं.

बोईनवाडसमोर थांबल्या. डाव हवेत.
दोनशे दिलास का रे?
त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.
बोईनवाडनं उष्टा हात वर धरून
डाव्या हातानं खिशातून नोट काढली,
बाईंनी ती घडी न घालता माझ्याकडं दिली,
आणि त्याला तूप दोनदा वाढलं.

हुग्गी संपली. भात थोडा उरला.
आमटी अर्धं पातेलं, ती खलीलनं नेली.
बाई जेवल्या साडेतीनला,
चुलाणापाशी, अप्पासोबत, पत्रावळ हातात धरून,
उभ्यानंच.
बसा की हो, मी म्हणालो.
बसून उतरत नाही ओ मला घास, म्हणाल्या,
आणि जरा बाजूला सरकल्या,
मला जागा व्हावी म्हणून.

तिघांचे अजून येणं आहे.